काच बसवलेल्या खिडक्या पार्ट लोडने पाठवताना

पुण्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिस्पॅच बघते. खिडक्या ॲल्युमिनियमच्या आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, दोन्ही. अख्खी गाडी भरून माल जातो तेव्हा फारशी चिंता नसते, कारण टेम्पो ओळखीचा, ड्रायव्हर ओळखीचा आणि साइटवर उतरवून घ्यायला आपलाच फिटर. डोकेदुखी असते ती सहा-आठ खिडक्यांच्या ऑर्डरची. कधी नागपूर, कधी लातूर, कधी चिपळूण. तेवढ्यासाठी स्वतंत्र गाडी परवडत नाही. माल पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीतून, पाठवायला ट्रान्सपोर्टच्या गोदामात द्यावा लागतो, आणि तिथून पुढे तो कोण उचलणार, कशावर ठेवणार, किती वेळा उतरवणार हे आपल्या हातात राहत नाही.

माझी अशी पहिली ऑर्डर नागपूरची होती. नऊ खिडक्या. प्रत्येकीला बबल गुंडाळला, वर पुठ्ठा लावला, त्यावर ब्राउन टेप मारली आणि चारही बाजूंनी इंग्रजीत लाल अक्षरांत 'फ्रॅजाइल' लिहिलं. नऊपैकी चार फुटल्या. ड्रायव्हरला मी फोनवर बरंच सुनावलं. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या गाडीत काही फुटलं नाही. माझ्याकडे नग आला तेव्हाच आतून खळखळत होता." मला ते खोटं वाटलं. पुढे एकदा कामानिमित्त गोदामात दोन तास बसावं लागलं आणि माल उतरताना बघितला, तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. पार्ट लोडची खिडकी हायवेवर क्वचित फुटते. ती फुटते गोदामात, गाडीतून ओट्यावर आणि ओट्यावरून दुसऱ्या गाडीत जाताना. एका प्रवासात अशी चढउतार चार-पाच वेळा होते. म्हणून पॅकिंग रस्त्याचा विचार करून करू नका. जो हमाल तुम्हाला कधीच भेटणार नाही, त्याचा विचार करून करा.

पहिलं काम: माल वेगळा करा

ऑर्डर तयार झाली की पॅकिंगवाल्याला लगेच हाक मारू नका. सगळ्या खिडक्या भिंतीला उभ्या लावा आणि त्यांचे गट पाडा. आमच्याकडे गट असे पडतात: काच पक्की बसवलेल्या फिक्स खिडक्या, स्लायडिंग, बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडक्या, नुसत्या सुट्या काचा आणि हार्डवेअर.

फिक्स खिडकी सगळ्यात सोपी. चौकट, काच, रबर सगळं एकजीव असतं, आत काही हलत नाही.

स्लायडिंग सगळ्यात फसवी. शटर, म्हणजे सरकणारा पल्ला, ट्रॅकमध्येच ठेवून पाठवलं तर ते आतल्या आत सरकतं आणि चौकटीवर आपटत राहतं. बेअरिंग तुटतं, नाहीतर शटरचा कोपरा उघडतो. म्हणून शटर काढून वेगळी पॅक करायची. प्रत्येक शटरवर कागदी टेपने खिडकीचा नंबर आणि 'आतलं' किंवा 'बाहेरचं' लिहायचं. हे लिहायला विसरलात तर साइटवर फिटरचा अर्धा दिवस शटरं जुळवण्यात जातो आणि तो तुमच्या नावाने बोटं मोडतो. जाळीचं शटर नेहमी मधल्या जागी ठेवा. बाहेरच्या बाजूला ठेवलं तर कुणाचं तरी बोट, नाहीतर दुसऱ्या नगाचा कोपरा त्यातून आरपार जातोच.

पल्ल्याच्या खिडकीचं हँडल काढा. यात अपवाद करू नका. दीड इंच बाहेर आलेलं हँडल म्हणजे शेजारच्या काचेवर टेकवून ठेवलेली हातोडी. हँडल, स्क्रू, कॅप हे सगळं खिडकीच्या नंबरच्या पिशवीत घालून हार्डवेअरच्या खोक्यात टाका. पिशवी चौकटीलाच चिकटवून ठेवायचा मोह होतो. पण ती पडते आणि एका हँडलसाठी लातूरला कुरिअर करावं लागतं.

सुट्या काचांमध्येही फरक आहे. साधी काच आणि टफन काच, म्हणजे तापवून कणखर केलेली, एकाच पेटीत घालू नका. टफन काच मधोमध मार सहन करते, पण कडेला किंवा कोपऱ्याला टोला बसला की क्षणात अख्खी काच खड्यांसारखी सांडते. साधी काच कोपऱ्यातून तडकते, तडा हळूहळू वाढतो आणि कधीकधी गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत दिसतही नाही. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली डबल काच, जिला सगळे डीजीयू म्हणतात, तिचं तंत्र आणखी वेगळं. तिच्याकडे पुढे येते.

वजन काढा, अंदाजाने सांगू नका

काचेच्या वजनाचा हिशेब तोंडपाठ ठेवावा असा आहे: एक चौरस मीटर काच, जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. म्हणजे ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो. पाच फूट बाय चार फूट म्हणजे साधारण १.८६ चौरस मीटर, त्यात काच झाली २३ किलो. आमची दोन ट्रॅकची ॲल्युमिनियमची या मापाची खिडकी चौकट-शटर धरून काट्यावर ३७ किलोच्या आसपास भरते. तीच खिडकी ५ अधिक ५ च्या डीजीयूमध्ये केली तर नुसत्या काचेचंच वजन दुप्पट.

वजन नीट काढायचं एक कारण भाडं, पण त्याहून मोठं कारण हमाली. एका माणसाला उचलता येणारा नग एकच माणूस उचलतो, खांद्यावर मारतो आणि टाकतो. ज्याला दोघं-चौघं लागतात तो नग आपोआप जपून ठेवला जातो, कारण पायावर पडला तर पाय जाईल हे हमालाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून सुट्या सहा खिडक्या पाठवण्यापेक्षा सहांची एक पेटी नेहमी सुरक्षित.

मात्र जिथे माल उतरणार तिथे काय सोय आहे हे आधी फोन करून विचारा. मोठ्या शहरातल्या गोदामात हातपॅलेट (पेटीखाली दाते घालून ढकलायची हातगाडी) किंवा फोर्कलिफ्ट असते, तिथे अडीचशे किलोची पेटी चालते. तालुक्याच्या गावी ट्रान्सपोर्टचं ऑफिस म्हणजे एक गाळा आणि तीन माणसं. तिथे ती पेटी कुणी उचलत नाही. कडेपर्यंत ढकलतात आणि खाली सोडतात. अशा ठिकाणी सहा खिडक्यांच्या तीन-तीनच्या दोन पेट्या करा. खर्च थोडा वाढतो, वाढू द्या.

बिलावर आणि बिल्टीवर मालाचं नाव

वर्गवारी म्हटली की नवीन माणूस एचएसएन कोडवर, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेल्या आकड्यावर, अडतो. खरं तर तो भाग सोपा आहे. ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्या ७६१०१००० मध्ये, यूपीव्हीसीच्या ३९२५२००० मध्ये, लोखंडाच्या किंवा स्टीलच्या ७३०८३००० मध्ये आणि लाकडाच्या ४४१८ मध्ये. काच बसवलेली आहे म्हणून खिडकी 'काच' होत नाही, ती खिडकीच राहते. प्रवासासाठी शटर सुटं केलं तरी ते त्या खिडकीचाच भाग. पण फुटलेल्या पानाच्या बदली नुसती काच जात असेल तर ती काच: टफन किंवा लॅमिनेटेड असेल तर ७००७, डीजीयू असेल तर ७००८.

ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या कागदाचा, नियमही लक्षात राहण्यासारखा आहे. माल राज्याबाहेर चालला असेल आणि किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. पार्ट लोडमध्ये गाडी बदलते, त्यामुळे गाडी नंबरचा भाग पुढे ट्रान्सपोर्टवाला भरतो. आपलं वर्कशॉप ते त्याचं गोदाम हे अंतर राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरच्या आत असेल तर त्या टप्प्याला गाडी नंबर भरावा लागत नाही. मात्र त्याचा ट्रान्सपोर्टर आयडी बिलात बरोबर टाकलाय ना, हे पाठवण्याआधी बघा. तो चुकला तर त्याला नंबर भरताच येत नाही आणि माल दोन दिवस तिथेच पडून राहतो.

खरी गोम बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला बुकिंगची देतो त्या पावतीवर, आहे. अमेरिकेत यासाठी राष्ट्रीय वर्गवारीचं बाडच आहे. ५० पासून ५०० पर्यंत अठरा वर्ग, आणि माल कोणत्या वर्गात जाईल हे चार गोष्टींवर ठरतं: घनता, हाताळायला किती कठीण, इतर मालासोबत रचता येतो का, आणि नुकसानीचा धोका किती. आपल्याकडे असं पुस्तक नाही. पण ट्रान्सपोर्टच्या टेबलावरचा बुकिंग क्लार्क याच चार गोष्टी डोक्यात ठेवून भाव सांगतो. तो पेटीकडे बघतो, एकदा हलवून बघतो, "यावर माल ठेवता येईल ना?" असं विचारतो आणि आकडा बोलतो.

इथे बरेच जण एक चलाखी करतात. 'काच' म्हटलं की भाव वाढतो किंवा बुकिंगच घेत नाहीत, म्हणून बिल्टीवर 'ॲल्युमिनियम मटेरियल' एवढंच लिहितात. मीही एकदोनदा केलंय. पण मग त्या पेटीवर लोखंडी पाइप ठेवला गेला तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? 'ॲल्युमिनियम'वर पाइप ठेवू नये असं कुणी सांगितलं होतं? बिल्टीवर सरळ लिहा: 'काच बसवलेल्या ॲल्युमिनियम खिडक्या, लाकडी पेटी, उभी ठेवावी, वर माल ठेवू नये.' वर माल ठेवायचा नसेल तर तो वरची जागाही भाड्यात धरेल. ते पैसे त्या रिकाम्या जागेचे आहेत, मुकाट्याने द्या.

किंमतही खरी लिहा. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे, जास्त जोखमीचा दर ठरवून बुकिंग केलेलं नसेल, तर ट्रान्सपोर्टवाल्याची नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते, आणि तीही तुम्ही लिहिलेल्या किमतीच्या वर जात नाही. भाडं ३ हजार असेल तर ३० हजार. पेटीत सव्वा लाखाच्या खिडक्या असल्या तरी तेवढेच. शिवाय नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. बिल्टीवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असेल तर त्याकडे काणाडोळा करू नका. एक तर जास्तीचा दर ठरवा, नाहीतर आपला ट्रान्झिट विमा काढा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात अ, ब, क अशी कलमं असतात. क मध्ये मुख्यतः आगच येते, ब मध्ये अपघात वगैरे ठरावीक कारणं, आणि हाताळताना झालेली तूटफूट यायची ती अ मध्येच. त्यातही अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे फिरून आपण पॅकिंगवरच येतो.

पेटी

पहिला नियम, खिडकी कायम उभी. आडवी ठेवलेली काच प्रत्येक खड्ड्याला मधोमध वाकते आणि वरच्या खिडकीचं वजन खालचीच्या पोटावर येतं. उभ्या काचेचं वजन कडेवरून खाली जातं, आणि त्या दिशेने काच दणकट असते.

सुतार सहा खिडक्यांची पेटी करतो तेव्हा मी आधी तळ तपासते. तळाला दोन जाड आडवे पाय, किमान चार इंच उंच, म्हणजे हातपॅलेटचे दाते खाली जातात आणि पाणी साचलं तरी खिडकी वर राहते. तळाच्या फळीवर रबरी ठोकळे. प्रत्येक खिडकी दोन ठोकळ्यांवर टेकते, आणि ते ठोकळे दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या पाव भागावर हवेत. अगदी कोपऱ्याखाली नकोत आणि मधोमध एकच तर मुळीच नको. रबर नसेल तर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे उत्तम. थर्माकोल नको. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये त्याचा भुगा होतो, खिडकी खाली बसते आणि आत खेळ सुरू होतो. नागपूरची ती खळखळ अशीच आली होती.

डीजीयू असेल तर ठोकळा दोन्ही काचांखाली सारखा यायला हवा. एकाच काचेखाली आला तर दुसरी नुसत्या सीलंटवर, म्हणजे दोन काचा कडेने जोडणाऱ्या चिकट थरावर, लोंबकळते. सील थोडं सरकतं, त्या दिवशी काही दिसत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत धुकं जमतं.

दोन खिडक्यांमध्ये फोमची शीट आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे किंवा फोमचे कोन. दाब चौकटीवर यायला हवा, काचेवर नको. हे एवढं वाक्य पॅकिंगवाल्याकडून पाठ करून घ्या. बबल काचेवर दाबून बसवला तर बाहेरचा प्रत्येक धक्का काचेपर्यंत पोचवायची सोय आपणच केलेली असते. सुट्या काचांच्या मध्ये वर्तमानपत्र घालू नका. ओलं झालं की काचेला चिकटतं. कॉर्कच्या बारीक चकत्या मिळतात, त्या कडेकडेने लावा.

काचेवर टेपची फुली मारायची पद्धत आहे. तिने काच मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे फक्त जागेवर राहतात. मी अजूनही मारते, कारण पेटी उघडणाऱ्याचा हात वाचतो. पण ब्राउन टेप चौकटीच्या पावडर कोटिंगवर (रंगाच्या थरावर) थेट लावू नका, तिचा गोंद राहतो. सेक्शनवर, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांवर, कारखान्यातून आलेली पातळ फिल्म तशीच राहू द्या. फक्त पेटी उन्हात पडणार असेल तर ती झाका. उन्हात भाजलेली फिल्म नंतर नखाने खरवडून काढावी लागते.

पेटीच्या चारही बाजूंना एकेक तिरकी पट्टी हवीच. ती नसलेली पेटी एका कोपऱ्याने उचलली की पतंगासारखी तिरकी होते, आणि आतली चौकटही तिच्याबरोबर. सुतार म्हणतो, "ताई, फळ्या जवळ जवळ मारल्यात, कशाला हवी तिरकी?" हवी म्हणायचं. खिळ्यांऐवजी स्क्रू मारून घ्या. खिळ्याने पेटी बंद करताना हातोडीचे ठोके आत जातात, आणि उघडताना पहार घातली जाते.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून पुढे चार महिने, वरून आणि बाजूंनी प्लॅस्टिक घाला, पण तळाला मोकळं ठेवा. पूर्ण बंद केलं तर आतला दमट वारा रात्री पाणी होऊन काचांच्या मध्ये बसतो. ते पाणी काचेतला क्षार ओढून घेतं आणि काचेवर पांढरट, इंद्रधनुषी डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. अशी पेटी मी पाहिली आहे. एकही काच फुटलेली नव्हती आणि सगळ्याच्या सगळ्या बदलून द्याव्या लागल्या.

पेटीच्या रुंदीचे पैसे

इथे एक हिशेब जवळून बघू. पाच बाय चारच्या सहा खिडक्या. पेटीचं बाहेरचं माप ६६ इंच लांब, २४ इंच रुंद, ५८ इंच उंच. तिन्हींचा गुणाकार भागिले १७२८ म्हणजे घनफूट: ५३ च्या थोडं वर. ट्रान्सपोर्टवाला घनफुटाला ८ किलो धरत असेल तर भाड्याचं वजन होतं ४२५ किलो. प्रत्यक्ष वजन किती? खिडक्या २२२ आणि पेटी साधारण ४०, म्हणजे २६२. भाडं लागणार ४२५ चं, कारण दोन्हींपैकी जे जास्त ते.

आता सुताराने 'असू दे मोकळं' म्हणून रुंदी ३० इंच केली तर तेच होतं ५३२ किलो. सहा इंच हवेचं १०७ किलो भाडं! आणि त्या मोकळ्या जागेत खिडक्या हलणार ते वेगळंच. उलट फार बारीक करायला गेलात तर उंच, अरुंद पेटी कलंडते. रुंदी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होऊ देऊ नका, हा माझा अनुभवाचा आकडा. तीन खिडक्यांची पेटी यात सहज अडकते. तिला पाय दोन्ही बाजूंना बाहेर काढावे लागतात, आणि माप घेताना टेप त्या पायांपासूनच धरली जाते. घनफुटाला किती किलो धरतात हे प्रत्येकाचं वेगळं असतं. बुकिंगच्या आधी विचारा. गावाकडचे जुने ट्रान्सपोर्टवाले अजून नगावर आणि नजरेवर भाव सांगतात, तिथे हा हिशेब लागत नाही, ओळख लागते.

खुणा

इंग्रजीत 'फ्रॅजाइल' लिहिणं सोडा. म्हणजे लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मी चारही बाजूंना मोठ्या ब्रशने मराठीत 'काच' आणि हिंदीत 'काँच' दोन्ही लिहिते, कारण माल कधी साताऱ्याच्या हातात असतो, कधी बिहारच्या. त्याच्या जोडीला फुटक्या पेल्याचं चित्र आणि वरच्या दिशेचे दोन बाण. पेटी चुकीच्या बाजूला कलंडली की लाल होणारं स्टिकर मिळतं, ते महागाच्या मालाला लावते. त्याने पेटी वाचत नाही, पण ते बघून हमाल जरा थबकतो, आणि घेणाऱ्याला सही करायच्या आधी कळतं.

सगळ्यात उपयोगी खूण मात्र लिहायची नसतेच. एकदा एका गोदामातले मुकादम काका माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाले, "पोरी, तू कितीबी लिही, वरती सपाट दिसलं की माल ठेवणारच. घराचं कौलारू छप्पर कर, कोण ठेवतंय बघू." तेव्हापासून पेटीच्या माथ्यावर दोन फळ्या उतरत्या छपरासारख्या मारतो. पाच-सहा इंच उंची वाढते, थोडं भाडं वाढतं. पण माथ्यावर काही ठेवलेलं अजून आढळलेलं नाही.

गाडीत चढवताना

गोदामापर्यंत माल आपल्या छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, जातो, तेवढा भाग तरी आपल्या हातात असतो. पेटी अशी उभी करा की काचेचं पान गाडीच्या लांबीला समांतर राहील. ब्रेक लागला की धक्का काचेच्या कडेच्या दिशेने जातो. पेटी गाडीत आडवी लावली तर तोच धक्का काचेच्या तोंडावर बसतो. मागच्या चाकांच्या पलीकडची जागा टाळा, स्पीडब्रेकरला सगळ्यात जास्त उसळी तिथेच. पट्टा पेटीच्या चौकटीवरून ओढा, मधल्या फळ्यांवरून नाही.

डीजीयू घाटावर चढवणार असाल तर एक गोष्ट पॅकिंगने सुटत नाही. हजार मीटर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब साधारण दहाव्या हिश्श्याने कमी होतो, आणि आत कोंडलेली हवा काचा बाहेर ढकलते. भिवंडीत, जवळपास समुद्रसपाटीला, सील केलेली डबल काच महाबळेश्वरला गेली की तेराशे मीटरच्या वर चढते. मोठ्या काचा थोड्या फुगून जुळवून घेतात. छोट्या, जाड काचांना वाकता येत नाही, त्यामुळे ताण सीलवर येतो. ऑर्डर घेतानाच ठिकाण विचारून काचवाल्याला सांगा. उंचीवरच्या मालासाठी बारीक नळी घातलेली डीजीयू करता येते.

माल पोचला की

माल पोचायच्या आदल्या दिवशी घेणाऱ्याला फोन करा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या. पेटी उतरवताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. सही करण्याआधी चारही बाजू बघा आणि छप्पर मोडलंय का, स्टिकर लाल झालंय का तेही तपासा. काही दिसलं तर ते बिल्टीच्या पोचपावतीवर तिथेच हाताने लिहा: 'पेटी क्रमांक २ ची डावी फळी तुटलेली, आतून आवाज येतो.' कोऱ्या पावतीवर सही करून दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांना भरपाई मिळताना मी पाहिलेली नाही. ड्रायव्हर घाई करेल, "साहेब, पुढे अजून चार ठिकाणं आहेत" म्हणेल. त्याला चहा द्या आणि लिहूनच सही करा.

पेटी उघडायची ती रुंद बाजूने, स्क्रू काढून. माथा आधी काढला तर खिडक्या वर ओढून काढाव्या लागतात आणि शेवटची हमखास निसटते. काढलेली खिडकी थेट फरशीवर टेकवू नका. दोन लाकडी पट्ट्यांवर, भिंतीला थोडी कलती उभी करा, काच भिंतीकडे. आणि त्याला एवढं आवर्जून सांगा की रबरी ठोकळे फेकू नका, फिटर येईल त्याच्या पिशवीत परत द्या. एका पेटीला बारा लागतात आणि दर वेळी नवे आणायला आमचे शेठ तयार नसतात.